स्कार्बरोचा समुद्र आणि तिथली चॅरिटी शॉप्स: लातूरच्या एका शिलाईवालीचा रिव्ह्यू

चॅरिटी शॉप, म्हणजे लोकांनी दिलेलं जुनं सामान एखाद्या संस्थेच्या कामासाठी विकणारं दुकान, हा शब्द मी मागच्या ऑगस्टपर्यंत ऐकला पण नव्हता. लातूरला माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे, अठरा वर्षं झाली मशीनवर बसून, आणि कपडा हातात आला की आधी तो उलटा करून शिलाई बघायची सवय लागलीय. त्यामुळं हा रिव्ह्यू कपड्यांबद्दल जास्त आहे हे आधीच सांगते, फर्निचर नाहीतर जुन्या प्लेट्या शोधणाऱ्यांना यात थोडं कमी सापडेल.

लहान भाऊ इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीला असतो, त्याच्याकडं दोन महिने गेले होते. तो म्हणला अक्का, इथं आलीस तर समुद्र बघितल्याशिवाय जायचं नाही, लेकरांना पण सुट्ट्या आहेत, आणि मग आम्ही पाच दिवस स्कार्बरोला जाऊन राहिलो. यॉर्कशायरच्या पूर्व किनाऱ्यावरचं जुनं सुट्टीचं गाव, एका बाजूला साउथ बे, दुसऱ्या बाजूला नॉर्थ बे, मधल्या टेकडीवर पडका किल्ला, आणि साउथ बेच्या कड्यावरून खाली समुद्रापर्यंत नेणारी रुळावरची लिफ्ट जी १८७५ मध्ये बांधलेली. गाव छान आहे. पण मराठवाड्यातून जाणाऱ्यानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तिथला ऑगस्ट म्हणजे आपल्याकडचा डिसेंबर. पाण्यावरून असा वारा येतो की कानात कापूस घालावा वाटतो, आणि मधेच समुद्रावरून पांढरं धुकं चढतं, तिकडं त्याला फ्रेट म्हणतात, ते आलं की दहा मिनिटांत ऊन गायब. मी आपली कॉटनचा ड्रेस आणि एक शाल घेऊन गेलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूत बसून दात वाजायला लागले तेव्हा भावजय म्हणली, "ताई, चला वर बाजारात, तुम्हाला एक कोट घेऊ, नवा नाही घ्यायचा, मी दाखवते कुठं घ्यायचा ते."

वेस्टबरो म्हणून तिथला मुख्य बाजाराचा रस्ता आहे, गाड्या नाहीत, नुसतं चालायचं, आणि तो उतरत उतरत नाव बदलत खाली बंदरापर्यंत जातो. या रस्त्यावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पाच-पन्नास पावलांवर एक चॅरिटी शॉप. लोक घरातलं चांगलं पण नको असलेलं सामान या दुकानांना फुकट देतात, दुकान ते विकतं, आणि नफा त्या संस्थेच्या कामाला जातो. कुणाचं दुकान हार्टच्या आजारावरच्या संशोधनासाठी, कुणाचं कॅन्सरसाठी, कुणाचं लेकरांसाठी, कुणाचं जनावरांसाठी, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच भागातल्या हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी जागा असते तिचं. ऑक्सफॅमचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, ती संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झाली, महायुद्धात ग्रीसमधले लोक उपाशी मरायलेत म्हणून, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर त्यांचं दुकान सुरू झालं. १९५१ ला बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच संस्थेनं आपल्याकडं मदत पाठवली होती. हे सगळं मला भावजयीनं आणि नंतर दुकानातल्या बायकांनी सांगितलं, मी त्या दिवशी दारात उभी राहून एवढंच विचारलं होतं की म्हणजे हे कुणाचे तरी उतरवलेले कपडे ना?

ती हो म्हणली आणि माझा पाय आत जाईना.

कारण सांगते, ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धा राहील. आमचं मूळ गाव किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद, ते सगळं माणसांवर आलं. लातूर-उस्मानाबादची बावन्न गावं भुईसपाट झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातलं मी इथं लिहीत नाही. पण त्यानंतर पाऊस लागला, आणि पावसात देशभरातून ट्रक यायला लागले, त्यात धान्य होतं, औषधं होती, आणि कपडे होते, इतके कपडे की विचारू नका. ट्रकमधून गाठोडी खाली रस्त्यावर पडायची, लोक त्यात हात घालून उपसायचे, आणि जे राहायचं ते तिथंच चिखलात. देणाऱ्यांची भावना खरी होती, ते मला आजही मान्य आहे, ते लोक कुठून कुठून आले होते आणि त्यांच्यामुळं आम्ही जगलो. पण त्या ढिगाऱ्यात फाटके परकर होते, चेन गेलेल्या पँटी होत्या, आमच्या आईसारख्या नऊवारी नेसणाऱ्या बायांना मिडी होत्या. माझ्या वाट्याला एक गुलाबी फ्रॉक आला, पाठीला सहा काजं आणि बटणं फक्त दोन. आई पाठीला सेफ्टी पिना लावून द्यायची. तो फ्रॉक मी पत्र्याच्या शेडमध्ये असताना दोन वर्षं घातला आणि पाठ कुणाला दिसू नये म्हणून कायम भिंतीला टेकून बसायची. जे कपडे घालण्यासारखे नव्हतेच त्यांच्या आईनं वाकळा शिवल्या, त्यातली एक अजून घरी आहे.

तर उतरवलेले कपडे म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं तो चिखल येतो. भावजय लहान गावची नाही, तिला हे सगळं एवढं माहीत नव्हतं, तरी ती जबरदस्ती करत बसली नाही. म्हणली, "ताई, आत नुसता वारा लागणार नाही एवढ्यासाठी चला, घेऊ नका काही."

आत गेले. पहिली गोष्ट वासाची. जुन्या कपड्याच्या दुकानाला वास असतो, ट्रंकेचा, घामाचा, डांबर गोळीचा, इथं तसा वास आला नाही. कपडे हँगरला, बायकांचे एकीकडं, माणसांचे एकीकडं, लेकरांचे वयाप्रमाणं, साइजच्या छोट्या चकत्या हँगरच्या मानेवर, आणि रंगाप्रमाणं लावलेले. मी एक लोकरीचा कोट काढला आणि सवयीनं उलटा केला. अस्तर शाबूत. खिशाच्या कोपऱ्याला टीप पक्की. बगलेत शिलाई उसवलेली नाही, कॉलरला मळ नाही, बटणं सगळी, आणि आतल्या बाजूला एक जास्तीचं बटण टाकून ठेवलेलं. इस्त्री नव्हे तर वाफ दिलेली होती, लोकरीला तशीच द्यायची असते, गरम इस्त्री ठेवली तर चमक येते. हे कळणारं माणूस मागं कुणीतरी आहे एवढं मला त्या कोटावरून समजलं. किंमत आठ पाऊंड, पाऊंड म्हणजे शंभरच्या वर रुपये, म्हणजे हजाराच्या आत. तसला कोट मी शिवायला घेतला तर नुसतं कापडच त्याच्या कितीतरी पट लागेल आणि तसली लोकर लातूरला मिळणार पण नाही.

कोट घेतला. घालूनच बाहेर पडले आणि त्या दिवसापासून समुद्रावर बसता आलं मला. पण खरं सांगायचं तर पुढचे तीन दिवस सकाळी समुद्र आणि दुपारनंतर दुकानं असंच झालं, पाऊस आला की दुकान, धुकं आलं की दुकान, भाऊ लेकरांना घेऊन किल्ल्यावर गेला की आम्ही दोघी दुकानात. त्याच टेकडीवर सेंट मेरी चर्चच्या आवारात ॲन ब्राँटे या लेखिकेची कबर आहे, १८४९ मध्ये ती आजारपणात हवापालटासाठी इथं आली आणि इथंच गेली, तिथं मात्र आम्ही सगळे मिळून गेलो होतो. पावसात भिजलेलं गवत आणि खाली अख्खा समुद्र, जाऊन याच.

आता दुकानांचं. आम्ही धरून दहा-बारा बघितली, सगळ्यांची नावं लिहीत बसत नाही कारण माल रोज बदलतो, आज जे आहे ते उद्या नसतं, त्यामुळं अमुक दुकानात जा असं सांगून फायदा नाही. सगळ्यात आवडलं ते एका गल्लीतलं हॉस्पिसचं दुकान, लहानच. तिथं काउंटरला सत्तरीच्या एक आजी होत्या, पगार नाही, आठवड्यातले दोन दिवस स्वतःहून येऊन काम करतात. या दुकानांत मॅनेजर पगारी असतो आणि बाकी बहुतेक असेच स्वयंसेवक. मी एका स्कर्टची कमरेची पट्टी उलटी करून बघत होते तर त्यांनी भावजयीला विचारलं की या शिवतात का? माणूस कपडा कसा धरतं त्यावरून कळतं आमच्या धंद्यातल्याला, त्या पण आयुष्यभर शिवत आलेल्या. भाषा नाही, भावजय मधे, आणि आमच्या दोघींच्या हातात स्कर्ट. मग त्या म्हणल्या मागं या, दाखवते.

मागची खोली बघितली ना, तो माझ्या सुट्टीतला सगळ्यात मोलाचा अर्धा तास. दारातून आलेल्या पिशव्या एका कोपऱ्यात. मधे मोठं टेबल. एक बाई पिशवी रिकामी करते, एकेक कपडा उजेडाला धरते, डाग, भोक, चेन, बटण बघते, आणि तीन ठिकाणी टाकते, विकायचं, दुसऱ्या दुकानाला पाठवायचं, आणि चिंधीत. चिंधीचं पोतं वेगळं, ते व्यापारी किलोवर घेऊन जातो आणि त्याचेही पैसे संस्थेला मिळतात, म्हणजे फाटकं पण वाया जात नाही, फक्त ते माणसाच्या अंगावर जात नाही. विकायचं ते हँगरला लावून उभ्या स्टीमरनं वाफ, मग ती छोटी बंदूक असते ना प्लास्टिकचा दोरा मारायची, तिनं किंमतीचं लेबल. लेबलवर आठवडा लिहिलेला, ठरावीक दिवसांत गेलं नाही तर किंमत कमी नाहीतर दुसऱ्या दुकानात. जिगसॉ पझल असेल तर सगळे तुकडे आहेत का ते डब्यावर लिहितात, आजी म्हणल्या एक म्हातारे गृहस्थ फक्त पझल जोडून बघायला घरी नेतात आणि तुकडा कमी असेल तर चिठ्ठी लावून आणतात. विजेची वस्तू तपासल्याशिवाय विकत नाहीत. सोफा-गादीला आग न धरण्याचं लेबल शिवलेलं नसेल तर घेतच नाहीत, तसा १९८८ चा नियम आहे तिकडं.

मी त्या टेबलाकडं बघत उभी राहिले आणि मला काय वाटलं ते भावजयीला पण नीट सांगता आलं नाही. किल्लारीला आम्हाला कपडे कमी नव्हते पडले, हे टेबल नव्हतं. उजेडाला धरून बघणारं कुणी नव्हतं. आणि तिकडं तर दुकानात येणाऱ्यात सगळ्या प्रकारची माणसं, ज्याला परवडत नाही तो पण येतो, आणि मोटार लावून आलेली बाई पण येते, दोघं एकाच रांगेत पैसे देतात, पिशवी घेतात आणि जातात, कोण गरजेपायी आलंय आणि कोण हौसेनं हे कळायला मार्ग नाही. चार पाऊंड का असेना पण मोजून घेतलेला कपडा आहे, तो घालून भिंतीला टेकून बसायची गरज नाही.

पैशाचा अजून एक हिशोब मला फार आवडला. भावजयीनं लीड्सच्या एका दुकानात नाव नोंदवलंय, ती पिशवी देते तेव्हा पिशवीवर तिच्या नंबरचं स्टिकर लावते. याला गिफ्ट एड म्हणतात. तिची वस्तू एक पाऊंडला विकली तर ती तिकडं टॅक्स भरते म्हणून सरकारकडून संस्थेला वरचे पंचवीस पेन्स, म्हणजे पाव पाऊंड, मिळतात. आणि तिला नंतर ईमेल येतो की तुमच्या सामानाचे इतके पाऊंड झाले. दिलेल्या वस्तूचं पुढं काय झालं याचा हिशोब देणाऱ्याला परत येतो, बघा. दान म्हणून मिळालेल्या वस्तू विकताना व्हॅट शून्य, आणि दुकानाच्या जागेवरच्या स्थानिक करात ऐंशी टक्के सूट असते, त्याच्याशिवाय मुख्य बाजारात दुकान परवडणार नाही. यावरून तिथल्या काही दुकानदारांची नाराजी पण असते म्हणे की आम्ही सगळा कर भरतो आणि शेजारी हे. तीही बाजू आहे.

समुद्राच्या गावातच ही दुकानं इतकी चांगली का, हे मी आजींना विचारलं. त्या म्हणल्या रिटायर झालेली माणसं समुद्राकडं राहायला येतात, मोठी घरं सोडून लहान घरात येतात, मग सामान काढतात, आणि पुढं एक दिवस ती माणसं जातात तेव्हा लेकरं घर रिकामं करायला येतात. म्हणून मग लोकरीचे कोट, जाड पडदे, सोनेरी काठाचे कपबशी, विणकामाच्या सुया, चांगल्या मशीनवरची शिलाई, जी आजच्या नव्या कपड्यात सापडत नाही. म्हणजे मेलेल्या माणसाचे कपडे पण असतात त्यात, हो, असतात. आपल्याकडं ते घालत नाहीत, देऊन टाकतात, तिकडंही देऊनच टाकतात, फक्त देण्याची जागा ठरलेली आहे. माझं मन तिथं थोडं अडलं होतं, मग मला आठवलं की आपण पाचवीच्या बाळाला पहिलं झबलं जुन्या मऊ लुगड्याचंच करतो, आजीच्या लुगड्याचं, आणि ती आजी असो नसो.

तिथंच मला एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा मिळाला, बटणांनी गच्च भरलेला, तीन पाऊंड. कुण्या बाईनं आयुष्यभर जपलेली बटणं, शिंपल्याची, लाकडाची, पितळी, चार-चारच्या जोड्या दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. विमानात मी तो डबा हँडबॅगेत घेतला. बाकी खरेदी म्हणजे आईला कार्डिगन साडेचार पाऊंड, भाच्याला पाचशे तुकड्यांचं पझल दीड पाऊंड ज्यानं आमच्या पावसाच्या दोन संध्याकाळी गेल्या, दुकानासाठी एक जुना जाड पडदा, त्याच्या कापडाच्या मी इथं येऊन पिशव्या शिवल्या आणि सगळ्या विकल्या गेल्या.

आता जे पटलं नाही ते. सगळी दुकानं त्या आजींच्या दुकानासारखी नाहीत. मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात साधे, आत्ताच्या फॅशनचे पातळ टॉप नव्याच्या जवळपास भावात लावलेले, एकदा धुतलं की गोळे येणारं कापड, त्याला जुना असून एवढे पैसे कशाला? ब्रँडचं लेबल बघून किंमत लावतात पण कापड हाताला बघत नाहीत असं वाटलं. दुसऱ्या एका ठिकाणी मी भावासाठी स्वेटर घेतला, घरी येऊन बघितलं तर कोपराजवळ कसर लागलेली तीन बारीक भोकं, आणि परत न्यायला गेले तर दुकान बंद. ते मी रफू केलं, दिसत नाही आता, पण ज्याला रफू येत नाही त्यानं काय करायचं? लोकर घेताना दुकानातच खिडकीपाशी जाऊन उजेडात धरा, हे लक्षात ठेवा. ट्रायल रूम कुठं कुठं नुसता पडदा, आरसा बाहेर. आणि आपल्या अंगाचे मोठे साइज असतात पण उंची त्यांची, बाही चार बोटं लांब येते, ती कमी करून घ्यायची तयारी ठेवा, कोटाची बाही कमी करणं म्हणजे अस्तरासकट काम असतं, सोपं नाही.

भाव करायचा नाही. मला पहिल्यांदा जड गेलं, आपल्याला सवय असते, पण भावजय म्हणली ताई, हे पैसे त्या आजारी माणसांचे आहेत, तेव्हापासून मी तोंडातून शब्द काढला नाही. बहुतेक दुकानं संध्याकाळी पाचच्या आत बंद होतात, रविवारी काही उघडतच नाहीत, त्यामुळं शनिवार-रविवार धरून जाणाऱ्यांनी शनिवार सकाळ यासाठी ठेवावी. कार्ड चालतं. पिशवी आपली न्या. आणि तुम्हाला काही द्यायचं असेल तर दुकान उघडं असताना हातात द्या, बंद दारापुढं पिशवी ठेवून जाऊ नका, पावसानं भिजते आणि मग सगळी पिशवी चिंधीच्या पोत्यात जाते. दारावर तशी पाटीच असते.

चिंधीवरून आठवलं. परत लीड्सला येताना भावानं बॅटली नावाचं गाव सांगितलं, लीड्सच्या जवळच आहे. तिथं १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं परत सूत काढायची रीत आणली, त्या कापडाला शॉडी म्हणतात. आणि आज ते काम सगळ्यात जास्त कुठं चालतं तर आपल्या पानिपतला. परदेशातले जुने लोकरी कपडे घालण्याजोगे असतील तर आणायला आपल्याकडं बंधनं आहेत, म्हणून कापून चिंधी करून येतात, पानिपतला रंगाप्रमाणं निवडतात म्हणजे रंगवायची गरज पडत नाही, पिंजतात, सूत काढतात आणि ब्लँकेट विणतात. आणि ती स्वस्त ब्लँकेटं पूर-भूकंपात वाटायला जातात. हे ऐकल्यावर मी गाडीत बराच वेळ गप्प होते. आम्हाला शेडमध्ये मिळालेलं ते खरबरीत करड्या रंगाचं ब्लँकेट, त्यात लाल-हिरवे बारीक धागे दिसायचे, मी आणि भाऊ रात्री झोप येईपर्यंत ते मोजायचो. ते कुठून आलं होतं मला माहीत नाही, पण ते धागे कुणाच्या तरी स्वेटरचे असणार असं मला आता वाटतं. त्या ब्लँकेटनं आम्हाला थंडीतून काढलं, ते कुणीतरी निवडून, विणून केलेलं होतं. फ्रॉकचं तसं नव्हतं.

आपल्याकडं काहीच नाही असं नाही म्हणत मी. भांडेवाली दारात येते, चार साड्यांवर एक पातेलं देते, ती पण शिलाई-बॉर्डर माझ्यासारखीच उलटी करून बघते, तिच्याइतकं जुनं कापड कळणारं माणूस नाही. दिल्लीची गूँज ही संस्था १९९९ पासून शहरातले कपडे गोळा करून, निवडून, धुऊन-दुरुस्त करून गावाकडं पाठवते आणि गावातले लोक त्याच्या बदल्यात विहीर, रस्ता असं गावाचं काम करतात, तिथं पण तोच विचार आहे, फुकट हातात टाकायचं नाही. आणि माणुसकीची भिंत आपल्याकडच्या कितीतरी शहरांत झाली, सुरुवातीला सुंदर, नंतर मी बघितलेल्या एका भिंतीखाली पावसात भिजलेल्या कपड्यांचा ढीग, वर कुत्री बसलेली. भिंत करणाऱ्यांचं मन मोठंच होतं. तिथं एक टेबल, एक मशीन आणि आठवड्यातले दोन दिवस देणाऱ्या चार बाया पाहिजे होत्या. लातूरमध्ये कुणी असं दुकान काढायचं मनावर घेत असेल तर बुधवार दुपार माझी धरा, चेन बसवणं, काज-बटण, रफू, उसवलेलं शिवणं एवढं मी करीन, बटणं पण माझ्याकडची.

पाचपैकी साडेचार देते मी या दुकानांना, अर्धा कापला तो कसर लागलेल्या स्वेटरसाठी आणि त्या मोठ्या दुकानाच्या किंमतींसाठी.

आईला कार्डिगन दिलं तेव्हा तिनं आधी विचारलं, "कुणाचं हाय?" मी म्हणलं, इकत आणलंय आई, साडेचार पाऊंड मोजून, आधी एका बाईचं होतं. तिनं ते मांडीवर घेतलं, बराच वेळ हात फिरवला आणि वरपासून खालपर्यंत बटणं मोजली. सात होती, सातच्या सात. आता रोज पहाटे तेच घालून अंगणात बसते, उन्हाळा लागला तरी पहाटे घालते. परवा म्हणली, पुन्हा जाशील तर शेजारच्या काकूला पण एक आण, तिला बी पहाटं लई थंडी वाजती, पण काळं नको आणूस, तिला काळं चालत नाही.